दुरून होणारा लिलाव आणि पैशाची देवघेव

(इयत्ता ७ वी व ८ वीच्या शिक्षकांसाठी अभ्यासलेख)

विषयाचे प्रयोजन

लिलाव ही गोष्ट खेड्यातील मुलांना नवी नाही. बाजार समितीच्या आवारात कांद्याच्या ट्रॉलीभोवती उभे राहून बोली चढविणारे व्यापारी त्यांनी पाहिलेले असतात. किनाऱ्यावरील मुलांच्या कानी मासळीच्या टोपलीवर चढणारी बोली रोज पडत असते. शाळेच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीतून निर्लेखित झालेली मोडकी बाके व लोखंडी कपाटे लिलावाने जातानाही मुलांनी क्वचित पाहिलेली असतात. या सर्व प्रकारांत तीन गोष्टी समान आहेत. वस्तू डोळ्यांसमोर असते; घेणारा व देणारा समोरासमोर असतात; आणि काही वाद निघालाच तर त्याचा निवाडा करणारे कोणी तरी तेथेच हजर असते, मग ती बाजार समिती असो, पंच असोत की मुख्याध्यापक असोत.

भ्रमणध्वनीवरून होणाऱ्या लिलावात, म्हणजेच ऑनलाइन लिलावात, या तिन्ही गोष्टी एकदम नाहीशा होतात. वस्तूचे केवळ चित्र दिसते, माणसाचे केवळ नाव दिसते, आणि पंच कोण हे बहुधा दिसतच नाही. तरीही सौदा होतो, पैसे जातात आणि पुष्कळदा वस्तूही येते. परंतु ज्या वेळी ती येत नाही, त्या वेळी एखाद्या कुटुंबाची हंगामाची कमाई क्षणात नाहीशी झालेली असते. जुना पाण्याचा पंप, दुचाकी, शिलाई यंत्र किंवा भ्रमणध्वनी संच विकण्याघेण्याचे व्यवहार आता गावोगावी या मार्गाने होतात. घरातील यंत्र हाताळण्यात मुले वडीलधाऱ्यांपेक्षा तरबेज असल्यामुळे बटण दाबणारा हात पुष्कळदा विद्यार्थ्याचाच असतो. शंका आल्यास घरची माणसे गुरुजींकडे किंवा बाईंकडे येतात. यास्तव या विषयाचे मर्म शिक्षकास नीट अवगत असणे अगत्याचे आहे.

पैसे पाठविण्याची साधने पुष्कळ आहेत व त्यांत सारखी भर पडत असते. सबब साधनांची नावे पाठ करून घेण्यात फारसा लाभ नाही. कोणत्याही साधनास लावता येईल अशी कसोटी मुलांच्या हाती देणे, हा या पाठाचा खरा हेतू आहे. ती कसोटी अशी: वस्तू वाटेत असताना पैसा कोणाच्या हाती आहे?

जुन्या काळची युक्ती

दुरून व्यापार करण्याची अडचण आजची नाही. आधी पैसा द्यावा तर विकणारा वस्तू पाठवील याची खात्री नाही. आधी वस्तू पाठवावी तर घेणारा पैसा देईल याची शाश्वती नाही. आपल्याकडील सावकारी व्यवहारात जोखमी हुंडी नावाचा एक प्रकार होता. माल सुखरूप पोहोचला तरच त्या हुंडीची रक्कम देय होत असे. माल वाटेत बुडाला किंवा लुटला गेला तर ती देय होत नसे. पैसा मालाच्या पोहोचण्याशी बांधून टाकण्याची ही युक्ती होती.

पुढे टपाल खात्याने तीच गोष्ट निराळ्या रीतीने साधली. भारतात १८७७ साली व्ही. पी. ची, म्हणजे मूल्यदेय टपालाची, पद्धत सुरू झाली. पुण्यामुंबईच्या प्रकाशकाने पुस्तकांचे पार्सल टपालात टाकावे, पोस्टमनने ते गावी न्यावे, घेणाऱ्याने पैसे मोजल्यावरच ते त्याच्या हाती द्यावे आणि ते पैसे खात्याने प्रकाशकाकडे पोहोचते करावेत, अशी ती व्यवस्था होती. कित्येक शाळांची ग्रंथालये या मार्गाने उभी राहिली. तथापि या पद्धतीतही एक उणीव होती. पार्सल फोडण्यापूर्वी पैसे द्यावे लागत. आत पुस्तके आहेत की रद्दी, हे मागाहून कळे. म्हणजे पैसे घेऊन वस्तू मुळीच न पाठविण्याचा प्रकार व्ही. पी. ने टळला, परंतु निकृष्ट वस्तू पाठविण्याचा टळला नाही. हा भेद विद्यार्थ्यांच्या ध्यानी आणून द्यावा, कारण घरपोच आलेल्या वस्तूचे पैसे दारात देण्याच्या आजच्या पद्धतीसही तो जसाच्या तसा लागू पडतो.

ऑनलाइन लिलावाचा इतिहास काय शिकवितो

अमेरिकेत सप्टेंबर १९९५ मध्ये पिएर ओमिद्यार या संगणक-तंत्रज्ञाने लिलावाचे एक संकेतस्थळ सुरू केले. त्यावर प्रथम विकली गेलेली वस्तू म्हणजे एक मोडका लेझर दर्शक होता. त्यास १४ डॉलर ८३ सेंट इतकी किंमत आली. हेच संकेतस्थळ पुढे ईबे या नावाने जगभर प्रसिद्ध झाले. आरंभी बोली जिंकणारा माणूस धनादेश किंवा मनीऑर्डर टपालाने पाठवीत असे. ती पोहोचून वटेपर्यंत विकणारा वस्तू अडवून ठेवी, आणि घेणारा दिवस मोजीत बसे. विश्वासाचा आधार म्हणून १९९६ मध्ये घेणाऱ्यादेणाऱ्यांनी परस्परांविषयी अभिप्राय नोंदविण्याची सोय झाली. हा अभिप्राय उपयुक्त खराच. परंतु तो मागील वर्तनाची साक्ष देतो, पुढील सौद्याची हमी देत नाही.

१९९८ मध्ये स्थापन झालेल्या व पुढे पेपाल या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेने पैसे पाठविण्याचे काम सुलभ केले. लिलावातील लोकांनी तिचा इतका स्वीकार केला की २००२ साली ईबेने सुमारे दीड अब्ज डॉलरला ती विकतच घेतली. २०१५ मध्ये ती पुन्हा वेगळी झाली. तिचे महत्त्व केवळ वेगात नव्हते. वस्तू न आल्यास किंवा वर्णनाप्रमाणे नसल्यास तक्रार ऐकून पैसा परत देण्याची व्यवस्था तिने केली, हे खरे महत्त्व होय. त्याच संस्थेत आप्तमित्रांना पैसे पाठविण्याचाही एक स्वतंत्र प्रकार आहे, आणि त्या प्रकारास ग्राहक-संरक्षण लागू नाही. म्हणून भामटे विक्रेते “थोडे शुल्क वाचेल, मित्राला पाठविल्याप्रमाणे पाठवा” असा आग्रह धरतात. साधन एकच, पण त्याचा प्रकार बदलताच संरक्षण गळून पडते. नाव पाहून निर्धास्त होऊ नये, हा यातील बोध आहे.

भारतात ईबेने २००४ साली बाझी हे येथील लिलावाचे संकेतस्थळ विकत घेऊन प्रवेश केला. त्यावर पैसापे नावाची व्यवस्था होती. घेणाऱ्याचा पैसा प्रथम त्या व्यवस्थेकडे जाई व मागाहून विकणाऱ्यास मिळे. ईबेचे भारतीय संकेतस्थळ १४ ऑगस्ट २०१८ रोजी बंद झाले. त्यानंतर सामान्य माणसांतील जुन्या वस्तूंची खरेदीविक्री बव्हंशी जाहिरातींच्या संकेतस्थळांवर व गप्पागोष्टींच्या गटांवर होऊ लागली. तेथे बोली चढते, भाव ठरतो, परंतु पैसा पुष्कळदा थेट एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातो. मध्ये पैसा धरून ठेवणारा हात उरला नाही. आजच्या पुष्कळ फसवणुकींचे मूळ येथे आहे.

साधनांची पारख: घेणाऱ्याची बाजू

वरील कसोटी आता एकेका साधनास लावून पाहू.

१. मध्यस्थ खाते. येथे पैसा तिसऱ्याच्या हाती राहतो आणि वस्तू पोहोचल्यावर विकणाऱ्यास मिळतो. अनोळखी माणसाशी मोठा सौदा करावयाचा असता हा मार्ग उत्तम होय. भारतात व्यापाऱ्यांच्या वतीने पैसे स्वीकारणाऱ्या संस्थांनी ती रक्कम बँकेतील स्वतंत्र विश्वस्त खात्यात ठेवावी, असा दंडक रिझर्व्ह बँकेने १७ मार्च २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी घातला. मात्र मध्यस्थ कोण असावा हे समोरच्या अनोळखी माणसाने सुचवू नये. खोटी मध्यस्थ संकेतस्थळे उभारून पैसे उकळण्याचे प्रकार अनेक देशांत घडलेले आहेत. ज्या संकेतस्थळावर लिलाव झाला, त्याच्याच अंतर्गत व्यवस्थेतून पैसे भरावेत, हे सर्वांत बरे.

२. पतपत्र, अर्थात क्रेडिट कार्ड. वस्तू न आल्यास कार्ड देणाऱ्या बँकेकडे विवाद नोंदवून रक्कम परत मागता येते. ब्रिटनमध्ये १९७४ च्या ग्राहक पतव्यवहार कायद्याच्या ७५ व्या कलमान्वये १०० पौंडांहून अधिक व ३०,००० पौंडांपर्यंत किमतीच्या वस्तूबाबत विक्रेत्याबरोबरच कार्ड देणारी संस्थाही जबाबदार धरली जाते. आपल्याकडे विवाद नोंदविण्याची सोय आहे. मात्र मुदत पाळावी लागते व पुरावा द्यावा लागतो, आणि निकाल आपल्याच बाजूने लागेल असे नाही. डेबिट कार्डावरही विवाद नोंदविता येतो, परंतु तेथे पैसा आपल्या खात्यातून आधीच गेलेला असतो.

३. वस्तू हाती आल्यावर पैसे देणे. वस्तू मुळीच न येण्याचा धोका यात टळतो. वस्तू उघडून, चालवून पाहिल्यावर पैसे देता येत असतील तर उरलेला धोकाही पुष्कळ कमी होतो. जवळच्या गावातील सौद्यास हीच रीत योग्य. भेटीची जागा वर्दळीची असावी व बरोबर घरचे मोठे माणूस असावे.

४. यूपीआय व थेट बँक हस्तांतरण. २०१६ साली सुरू झालेली यूपीआय पद्धत आता खेड्यातील किराणा दुकानापर्यंत पोहोचली आहे. पैसा क्षणात पोहोचतो हा तिचा गुण. आणि अनोळखी माणसाशी दुरून सौदा करताना हाच गुण अवगुण ठरतो. आपण स्वतः पिन टाकून पाठविलेला पैसा समोरच्याच्या खात्यात गेला की तो त्याच्या संमतीवाचून सहजी परत येत नाही. दुकानदारासमोर उभे राहून देताना यात काही बिघडत नाही, कारण वस्तू त्याच क्षणी हाती येते. न पाहिलेल्या माणसास आगाऊ पाठविताना मात्र, अनोळखी वाटसरूच्या हाती रोकड ठेवण्यासारखेच ते होय.

५. भेटपत्रांचे अंक, आभासी चलन, परदेशी हस्तांतरण. या मार्गांनी पैसे मागणाऱ्याशी सौदाच करू नये. पैसा कोठे गेला याचा मागही यात पुष्कळदा लागत नाही.

सरकारी व निमसरकारी लिलावांची गोष्ट थोडी निराळी आहे. शेतमालासाठी १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालेल्या ई-नाम व्यवस्थेत बोली लावणारे व्यापारी नोंदणीकृत असतात आणि बाजार समितीचा त्यांवर अंमल असतो. सरकारी भंगार व निर्लेखित साहित्याच्या ऑनलाइन लिलावात बयाणा रक्कम भरावी लागते. परंतु ती त्या संकेतस्थळाने ठरवून दिलेल्या अधिकृत खात्यातच भरावयाची असते. कोणी “साहेबांच्या क्रमांकावर बयाणा टाका” असे सांगितल्यास ती फसवणूक समजावी.

साधनांची पारख: विकणाऱ्याची बाजू

फसवणूक घेणाऱ्याचीच होते असा समज आहे. तो चुकीचा आहे. गावाकडील माणूस बहुधा विकणारा असतो, आणि त्याला गाठण्याच्या तीन युक्त्या विशेष प्रचलित आहेत.

पहिली युक्ती क्यूआर चौकटीची. खरीददार म्हणतो, “पैसे पाठविले आहेत, ही चौकट टिपा व पिन टाका, म्हणजे जमा होतील.” विकणारा पिन टाकतो आणि पैसे येण्याऐवजी जातात. पूर्वी पैशाची मागणी पाठवून हाच डाव साधला जाई. व्यक्तीने व्यक्तीकडे अशी मागणी पाठविण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली. तथापि चौकटीची युक्ती उरलीच आहे. आपण सैन्यात आहोत व बदली झाली आहे, अशी बतावणी करून विश्वास संपादन करणारे भामटे याच मार्गाने गंडवितात. यावरील उपाय एका वाक्यात सांगता येतो व तो मुलांकडून मुखोद्गत करून घ्यावा: पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही.

दुसरी युक्ती जादा रकमेची. “चुकून पाच हजार जास्त आले, तेवढे परत करा” असा निरोप येतो, व त्यासोबत बँकेसारखा दिसणारा लघुसंदेशही येतो. खात्यात मात्र एक पैसाही आलेला नसतो. खोट्या धनादेशानेही हेच केले जाते. धनादेश वटण्यापूर्वीच जादा रक्कम परत मागितली जाते. म्हणून संदेशावर विसंबू नये. खात्यातील शिल्लक स्वतः पाहावी, आणि धनादेश वटल्याचे बँकेकडून कळल्यावाचून वस्तू हलवू नये.

तिसरी युक्ती सौदा बाहेर ओढण्याची. लिलावात हरलेल्या माणसास “पहिल्याने माघार घेतली, वस्तू तुम्हालाच देतो, पण पैसे परस्पर पाठवा” असा निरोप येतो. विकणाऱ्यासही असाच मोह दाखविला जातो. संकेतस्थळाबाहेर पाऊल पडताच त्याचे संरक्षण संपते. लिलावात वेळेची मर्यादा असते, चढाओढीने माणसाचे रक्त तापलेले असते, आणि हुकलेली वस्तू पुन्हा मिळण्याची आशा प्रबळ असते. या मनःस्थितीचाच फायदा घेतला जातो. घाई करणारा माणूस दिसला की आपण सावकाश व्हावे.

वर्गपाठ

साहित्य: सहा रिकाम्या आगपेट्या, खडूचे तुकडे, खडे, कागदी नोटा.

शिक्षकांनी तीन आगपेट्यांत खडू व तीन पेट्यांत खडे घालून त्या बंद कराव्यात. दर वेळी एक विद्यार्थी विक्रेता, एक ग्राहक व एक मध्यस्थ व्हावा. पहिल्या डावात ग्राहकाने आधी पैसे द्यावेत; विक्रेत्याला वाटेल ती पेटी देण्याची किंवा काहीच न देण्याची मुभा असावी. दुसऱ्या डावात विक्रेत्याने आधी पेटी द्यावी. पैसे देणे ग्राहकाच्या मर्जीवर असावे. तिसऱ्या डावात पैसे मध्यस्थाकडे ठेवावेत, ग्राहकाने पेटी उघडून पाहावी, आणि खडू निघाला तरच मध्यस्थाने पैसे विक्रेत्यास द्यावेत. चौथ्या डावात मध्यस्थ विक्रेत्याचा छुपा साथीदार आहे असे गुपचूप ठरवावे. प्रत्येक डावानंतर “कोण फसू शकला व का?” एवढेच विचारावे, उत्तर मुलांनीच शोधावे. चौथ्या डावाने होणारी गडबड मुलांच्या विशेष लक्षात राहते.

फलकलेखन:

१. वस्तू वाटेत असताना पैसा कोणाच्या हाती आहे?
२. वाद झाल्यास निवाडा कोण करील, आणि त्यास आपण ओळखतो काय?
३. पैसा परत मागण्याचा मार्ग आहे काय, व त्याची मुदत किती?

तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून आगाऊ पैसा पाठवू नये.

फसवणूक झाल्यास

हा भाग शिक्षकांनी पालकसभेत अवश्य सांगावा. गंडविला गेलेला माणूस लाजेने गप्प बसतो, मुलाच्या हातून घडले असेल तर मूल मार खाण्याच्या भयाने लपविते, आणि तेवढ्यात पैसा या खात्यातून त्या खात्यात निघून जातो. म्हणून कळताच, शक्यतो पहिल्या तासातच, १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर तक्रार करावी, आपल्या बँकेस कळवावे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर नोंद करावी. पैसा अद्याप वाटेतील एखाद्या खात्यात असेल तर तो गोठविता येण्याचा संभव असतो. व्यवहार क्रमांक, रक्कम, वेळ व समोरच्याचा क्रमांक जपून ठेवावा. संभाषण पुसून टाकू नये. “तुमचे पैसे परत मिळवून देतो, आधी शुल्क भरा” असे सांगत येणारा दुसरा माणूस बहुधा त्याच टोळीतील असतो.

मुलाने चूक लवकर सांगितली तर त्यास शिक्षा करू नये, हे पालकांच्या मनावर ठसवावे. येथे शिक्षेने काही साधत नाही. वेळ मात्र जातो, आणि पैसा वाचविण्याचा सारा भरवसा वेळेवरच असतो.

स्वाध्याय

१. १८,००० रुपयांस पंप विकावयाचा आहे. २३,००० रुपये जमा झाल्याचा संदेश आला, म्हणून विकणाऱ्याने ५,००० रुपये परत केले व पंपही गाडीत चढविला. संदेश खोटा होता. एकूण नुकसान किती? कोणत्या टप्प्यावर थांबल्यास ते टळले असते?

२. १२,००० रुपयांच्या शिलाई यंत्रासाठी मध्यस्थ खात्याचे शुल्क शेकडा अडीच आहे. शुल्काची रक्कम काढा. ती रक्कम वाचविण्यासाठी पैसे थेट पाठविणे शहाणपणाचे होईल काय? कारण द्या.

३. घरातील वडीलधाऱ्यांस विचारून व्ही. पी. ने मागविलेल्या एखाद्या वस्तूची हकीकत लिहून आणा. त्या व्यवहारात पैसा कोणाकडे, केव्हा गेला ते क्रमाने मांडा.

४. “पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही” हे वाक्य ठळक अक्षरांत लिहून घरी भिंतीवर लावा व घरातील प्रत्येकास समजावून सांगा.

चौथ्या स्वाध्यायाची तपासणी वहीत करू नये. पुढील आठवड्यात विद्यार्थ्यास विचारावे की आजीस हे वाक्य सांगितले काय, आणि तिने काय विचारले. आजीच्या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थ्यास देता आले असेल, तर पाठ पुरा झाला असे समजावे.